पद्मिनीत जिप्सीचं इंजिन बसलं, आता पाण्याचं बघू

इंजिन बसलं, गिअरबॉक्स बसला, प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स झाला. गाडी संभाजीनगरच्या क्रांती चौकापर्यंत जाऊन येत नाही तोच तापमानाचा काटा लाल रेषेवर. मग सल्लागार गोळा होतात: रेडिएटर मोठा टाका, दोन पंखे लावा, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून फेका. यातला शेवटचा सल्ला देणाऱ्याच्या हातात पाना देऊ नका. पाणी आणि हवा कुठून जाते हे कुणी बघतच नाही, आणि निम्म्याहून जास्त गाड्यांचं दुखणं तिथंच असतं.

हा लेख प्रीमियर पद्मिनी गाडी आणि मारुती जिप्सीचं 1298 सीसी इंजिन धरून लिहितोय, पण जुनी जीप असो की अ‍ॅम्बेसेडर, हिशोब तोच. इंजिन बदलाची आरटीओची परवानगी आणि आरसीवरची नोंद कलम 52 खाली लागते, ती आधीच झाली असं धरतो.

रेडिएटर. मूळ इंजिन 1089 सीसीचं, म्हणजे जुना कोर, रेडिएटरची मधली जाळी, कमी पडणार. जुन्या टाक्या ठेवून जास्त रांगांचा नवा कोर डाग देऊन बसवून घ्या. अ‍ॅल्युमिनियमचाच हवा असेल तर वाळूज, चिकलठाण्याला टिग वेल्डिंग करणारे भरपूर आहेत. रेडिएटर रबरी बुशवर बसवा, चासीला थेट आवळू नका.

पंखा. इंजिनाकडच्या बाजूने हवा ओढणारा इलेक्ट्रिक पंखा, रिले लावून. पंख्याभोवती पूर्ण कोर झाकणारा पत्र्याचा शेड हवाच. शेड नसला तर पंखा फक्त स्वतःच्या गोलातली हवा ओढतो आणि कोपरे तापतच राहतात. पंखा आणि इंजिन यांत निदान 20 मिमी सोडा, इंजिन झटका देतं तेव्हा पुढे येतं. वायर उलट्या जोडल्या तर पंखा उलटा फिरतो. कागदाचा तुकडा कोरपुढे धरा, चिकटला तर बरोबर.

आता हवेचं. मला सगळ्यात जास्त दमवलं ते याच टप्प्यानं, म्हणून इथं घाई करू नका.

पद्मिनीचं नाक खाली उतरतं. नव्या इंजिनाचा थर्मोस्टॅट मात्र वर, पाणी बाहेर पडतं त्या बाजूला. परिणामी रेडिएटरचं झाकण इंजिनातल्या पाण्याच्या सर्वोच्च जागेपेक्षा खाली येतं. तुम्ही काठोकाठ पाणी भरता, झाकण लावता आणि समजता की भरलं. वर थर्मोस्टॅटखाली हवा कोंडलेलीच असते. पंप पाणी ढकलतो, हवा त्याला ढकलता येत नाही. थर्मोस्टॅटला गरम पाणी लागत नाही म्हणून तो उशिरा उघडतो, तोवर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, वाफ झालेली असते. खूण अशी: काटा आधी पडतो, मग एकदम उसळतो. असं दिसलं की रेडिएटरवाल्याकडे जाऊ नका, त्याचा दोष नाही.

मोजायला गवंड्याची पारदर्शक लेव्हलची नळी घ्या. एक टोक झाकणाच्या तोंडाशी, दुसरं थर्मोस्टॅटच्या घराशी धरा. गाडी सपाट फरशीवर हवी. झाकण खाली निघालं तर पुढचं सगळं करावंच लागेल. 'पुढची चाकं जॅकवर चढवून पाणी भरा' हा उपाय भरण्यापुरता ठीक. गाडी चालताना नवी हवा आली की ती पुन्हा तिथंच जाऊन बसते.

खरा इलाज म्हणजे वेगळी प्रेशर टाकी. आजकालच्या गाड्यांची प्लॅस्टिकची टाकी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) वरच्या कोपऱ्यात अशी बसवा की तिच्यातली पाण्याची पातळी बाकी सगळ्याच्या वर राहील. बॉनेट लागतंय का, हे अंदाजानं ठरवू नका. टाकीवर कणकेचा गोळा ठेवा, बॉनेट हळूच लावा, उघडून गोळ्याची जाडी बघा. बोटभर उरली नाही तर टाकी खाली घ्या.

या टाकीला तीन नळ्या. 6 ते 8 मिमीच्या दोन बारीक नळ्या, एक थर्मोस्टॅटच्या घरातून आणि एक रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून, टाकीच्या वरच्या भागात. दोन्ही सतत चढत गेल्या पाहिजेत. मध्ये कुठं उंचवटा होऊन पुन्हा खाली उतरल्या की तिथं हवा अडकते. तिसरी जाड, 16 ते 19 मिमीची, टाकीच्या तळातून पंपाच्या ओढीच्या बाजूला. हीटरची परतीची जागा यासाठी आयती आहे, तशीही मराठवाड्यात हीटर कोण लावतो! दाबाचं झाकण आता टाकीवर असेल, म्हणून रेडिएटरवर बिनव्हॉल्व्हचं झाकण लावा. दोन दाबाची झाकणं एकमेकांशी भांडतात. 0.9 बारचं झाकण चांगलं असेल तर नुसतं पाणीही साधारण 118 अंशांपर्यंत उकळत नाही.

थर्मोस्टॅट ठेवाच, चकतीतलं छोटं भोक वर करून. बायपासवाल्या, म्हणजे थंड असताना पाणी इंजिनातच फिरवणारी वेगळी वाट असलेल्या, इंजिनात तो काढला तर बायपास उघडाच राहतो, काही पाणी रेडिएटरला वळसा घालून परततं. इंजेक्शनचं इंजिन असेल तर ते थंड समजून जास्त पेट्रोलही पितं.

होज. कोणत्याही गाडीचा साच्यातला होज (पाण्याचा रबरी पाइप) आणा, वाकण जुळेल तिथं कापा. सुरकुत्यांचे 'युनिव्हर्सल' होज नकोत. तोंडांचे माप वेगळे निघाले तर कडेला कंगोरा असलेली पायरीची धातूची नळी वापरा, होज ताणून बसवू नका. खालच्या होजमध्ये स्प्रिंग हवी, नाहीतर रेस दिल्यावर तो ओढीनं चपटा होतो. बॉनेट उघडं ठेवून कुणाला तरी रेस द्यायला सांगा, डोळ्यांनी दिसेल.

पाणी. बोअरचं अजिबात नको, आपल्याकडच्या क्षारांनी कोर भरतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे.

काटा. जुना मीटर नव्या सेन्सरला जोडला तर खोटं बोलतो. सेन्सर उकळत्या पाण्यात बुडवून ताडून बघा. संभाजीनगरच्या उंचीवर पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, 100 ला नाही.

शेवटी दुपारी चाळीसगावकडून कन्नडचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढवा. वर पोचल्यावर झाकणाला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, टाकीची पातळी बघा आणि होजचे सगळे क्लिप अर्धा फेरा आवळा.