हार्डवेअर डिले जोडला की आवाज पोकळ, पत्र्यासारखा येतो? माझा अनुभव

लक्षण असं: ऑक्स सेंडवरून (ट्रॅकची प्रत इफेक्टकडे पाठवणारी वाट) डिले पेडल, म्हणजे प्रतिध्वनी देणारं बाहेरचं यंत्र, लावलं की मूळ गायन पातळ, पोकळ व्हायचं. त्याच सेंडवर डिले प्लगइन (तोच इफेक्ट कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये) लावला तर सगळं ठीक. केबल बदलल्या, बफर कमी केला, इक्यू फिरवला; काही फरक नाही. वैताग आला होता.

खरं कारण: पेडलमधून प्रतिध्वनीबरोबर मूळ आवाजही काही मिलिसेकंद उशिरा परत येत होता. तो मूळ ट्रॅकवर बसला की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात.

उपाय याच क्रमाने करा. आधी डायरेक्ट मॉनिटरिंग (इनपुटचा आवाज कॉम्प्युटरमधून न जाता थेट ऐकू येणं) बंद. मग ऑडिओ इंटरफेस आणि पेडलच्या मध्ये रीॲम्प बॉक्स (सिग्नल गिटारच्या पातळीवर आणणारी डबी), कारण इंटरफेसमधून येणारी जोरकस लाइन लेव्हल पेडलला झेपत नाही. पेडल बायपास करून (इफेक्ट बंद, सिग्नल तसाच पुढे) एक क्लिक पाठवा, परत रेकॉर्ड करा, दोन्हींतलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. ४८ किलोहर्ट्‌झला ४८० सॅम्पल म्हणजे १० मिलिसेकंद. रेकॉर्ड केलेला रिटर्न (पेडलमधून परत आलेला आवाज) टाइमलाइनवर तेवढा डावीकडे, म्हणजे लवकर वाजेल असा, सरकवा. शेवटी पेडल चालू करून मिक्स पूर्ण वेट, म्हणजे किल ड्राय: पेडलमधून फक्त प्रतिध्वनी, मूळ आवाज नाही. ही पायरी सर्वांत महत्त्वाची.

आता फीडबॅक (प्रतिध्वनी किती वेळा परत यावा) हाताने फिरवायचा असेल तिथेच मी पेडल घेतो. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) नेमका ३७५ मिलिसेकंदांचा डॉटेड एट्थ (पाऊण ठोका) हवा असेल, तर सरळ प्लगइन.