फेमाची नोटीस आली तर : कोणी काय सिद्ध करायचे?

परदेशी खरेदीदाराकडे पैसे अडकलेला तासगावचा द्राक्ष निर्यातदार आधीच मेटाकुटीला आलेला असतो, आणि त्यातच सक्तवसुली संचालनालयाच्या (ईडी) तक्रारीवरून फेमाखाली, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली, 'कारणे दाखवा' नोटीस हाती पडते. उत्तरासाठी किमान दहा दिवस मिळतात. प्रथम कागदावर दोन रकाने आखावेत आणि प्रत्येक आरोपासमोर खात्याने (म्हणजे ईडीने) काय दाखवायचे व आपण काय दाखवायचे, हे लिहावे.

फेमाआधीच्या, 1973 च्या फेरा (परकीय चलन नियमन) कायद्याच्या कलम 71 नुसार, खटल्यात व्यवहाराला लागणारी परवानगी होती हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असे. 1 जून 2000 पासून लागू झालेल्या फेमात तसे कलम नाही. त्यामुळे उल्लंघन झाले हे आधी खात्यानेच दाखवायचे असते. पण एवढ्यावर विसंबून 'सिद्ध करा' असे एका ओळीचे उत्तर धाडणे महागात पडते. ही कारवाई फौजदारी नाही, आणि पुरावा कायद्याचे काटेकोर नियमही येथे बंधनकारक नाहीत.

निर्यातीचे पैसे देशात आणण्याबाबतच्या कलम 8 खालील प्रकरणात शिपिंग बिल (माल निर्यात झाल्याचा सीमाशुल्काचा कागद) आणि पैसे न आल्याची बँकेची नोंद पुढे ठेवली की खात्याचा रकाना जवळजवळ भरतो. रक्कम आणण्यासाठी वाजवी प्रयत्न केले, ही गोष्ट मात्र आपल्यालाच ठाऊक असल्याने ती आपणच दाखवावी लागते. समजा, रॉटरडॅमला कंटेनर उघडल्यावर घडांवर बुरशी निघाली आणि खरेदीदाराने निम्मे बिल कापले. अशा वेळी सर्व्हेअरचा अहवाल, तारखेसह फोटो, तगाद्याचे ईमेल आणि त्याच काळात बँकेला दिलेले पत्र तारीखवार जोडावे. नोटीस आल्यानंतर लिहिलेल्या पत्राला फारसे वजन नसते, आणि 'फोनवर शंभरदा सांगितले' हे काही फाईलला लावता येत नाही.

दबावाखाली जबाब घेतला गेला असेल, तर तो लेखी आणि लगेच मागे घ्यावा. विनोद सोळंकी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये, मागे घेतलेल्या कबुलीला स्वतंत्र दुजोरा हवा, असे म्हटले होते.

सुनावणीला वकील किंवा सनदी लेखापाल सोबत नेता येतो. दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. म्हणून आपला रकाना रिकामाच राहत असेल, तर निकालाची वाट न पाहता उल्लंघन मान्य करून कलम 15 खालील कंपाउंडिंगचा (रक्कम भरून प्रकरण मिटवण्याचा) विचार वेळीच करावा.