जीपीआरवर पाइपची खोली कशी काढायची

जीपीआर म्हणजे जमिनीत रेडिओ लहर सोडून आतल्या वस्तू शोधणारे यंत्र. त्याच्या पडद्यावर खोलीचे आकडे दिसतात, पण यंत्र मोजते फक्त वेळ: लहर पाइपवर आपटून परत यायला लागलेले नॅनोसेकंद. खोली म्हणजे वेग गुणिले वेळ, भागिले 2. यातला वेग आपण भरलेला असतो, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

हवेत लहर नॅनोसेकंदाला 30 सेंमी जाते, कोरड्या वाळूत साधारण 15, पाण्याने भरलेल्या वाळूत जेमतेम 6. म्हणून मे महिन्यातला वेग जुलैत वापरू नका; त्या जागी, त्या दिवशी काढा.

आधी शून्य वेळ, म्हणजे जिथून वेळ मोजायला सुरुवात होते तो क्षण, जमिनीच्या पृष्ठभागावर बसवा. इथे 1 नॅनोसेकंद चुकला तर खोलीत सुमारे 5 सेंमीचा फरक पडतो. यंत्राच्या चाकाने मोजलेले अंतर टेपने पडताळा. मग एकमेकींपासून 2-3 मीटर अंतरावरच्या दोन समांतर रेघांवर अँटेना (लहर सोडणारा आणि टिपणारा भाग) फिरवा, पडद्यावर पाइपच्या जागी उमटलेल्या कमानींचे माथे जोडून पाइपची दिशा काढा आणि तिला काटकोनात पुन्हा अँटेना फिरवा.

समजा, 400 मेगाहर्ट्‌झच्या अँटेनाने माथ्यावर 16 नॅनोसेकंद दाखवले आणि 60 सेंमी बाजूला 20. 20 च्या वर्गातून 16 चा वर्ग वजा केला की 144, वर्गमूळ 12. बाजूच्या अंतराची दुप्पट 120, भागिले 12: वेग नॅनोसेकंदाला 10 सेंमी. खोली 80 सेंमी, तीही पाइपच्या माथ्यापर्यंत, मध्यापर्यंत नव्हे.

हाच पाइप 60 अंशांत ओलांडला तर कमान पसरते, वेग 11.5 निघतो आणि खोली 92 सेंमी. जाड पाइपही कमान थोडी रुंद करतो. वेग 30 च्या आसपास आला तर ते परावर्तन हवेतून आलेले, खांबाचे किंवा तारेचे, सोडून द्या.

जवळ चेंबर असेल तर सर्वांत उत्तम. आत पाइपच्या माथ्यापर्यंत टेप लावा, दुप्पट करून वेळेने भागा. मिळालेला वेग कमानीच्या वेगाशी ताडून पाहा.

ओल्या काळ्या मातीत लहर वाटेतच विरते. गेन, म्हणजे परतलेली लहर मोठी करून दाखवण्याचे प्रमाण, वाढवला तर गोंगाटच वाढतो. तिथे कमान दिसली नाही म्हणजे पाइप नाही, असे लिहून देऊ नका.

जेसीबीवाल्याला आकडा देताना शक्यतेतला सर्वांत कमी वेग धरा. आपण 10 धरला आणि खरा 7 निघाला, तर 80 सांगितलेला पाइप 56 वरच लागतो.