साहित्य, चित्रपट, संगीत आणि नेते यांवर निबंध लिहिताना या चुका टाळा

पदवीच्या वर्गांतील विश्लेषणात्मक निबंध तपासताना वर्षानुवर्षे एकच गोष्ट जाणवत आली आहे. विद्यार्थ्याने पुस्तक मनापासून वाचलेले असते, चित्रपट दोनदा पाहिलेला असतो, गाणे तर तोंडपाठ असते. तरीही निबंधात त्यातले फारसे काही उतरत नाही. याला कष्टांचा अभाव क्वचितच कारणीभूत असतो. आपण जे विधान करतो ते नेमके कशावर बोट ठेवून करतो, हा प्रश्न लिहिताना स्वतःला विचारला जात नाही, हे खरे कारण आहे. शिवाय ही बोट ठेवण्याची जागा प्रत्येक विषयात वेगळी असते. कादंबरीत ती निवेदनात आणि भाषेत सापडते, चित्रपटात दृश्य आणि ध्वनीत, गाण्यात चालीत आणि गळ्यात, तर नेत्याच्या बाबतीत त्याच्या निर्णयांत आणि त्याने मागे ठेवलेल्या लेखनात.

कथानक सांगणे म्हणजे विश्लेषण नव्हे

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ निबंधासाठी अनेक जण निवडतात, आणि त्यातले बहुतेक निबंध एकाच वाटेने जातात. कोकणातील ते घर, घरावर आलेली गरिबी, आईने केलेले संस्कार असे प्रसंग एकामागून एक सांगितले जातात आणि अखेरीस अशी आई सर्वांना लाभो अशी इच्छा व्यक्त होते. ज्याने पुस्तक वाचले आहे त्याला यातून नवे काही कळत नाही.

यावर उपाय म्हणून आधी एवढेच विचारावे की ही गोष्ट कोण, कोणाला आणि केव्हा सांगत आहे. ती सांगतो मोठा झालेला श्याम, रात्रीच्या वेळी, आश्रमातील आपल्या मित्रांना. आणि तोपर्यंत त्याची आई या जगात राहिलेली नसते. म्हणजे पुस्तकात दोन श्याम आहेत. एक आंघोळीनंतर पायाच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा मुलगा, आणि दुसरा त्या हट्टाकडे मागे वळून पाहणारा, आई गमावलेला माणूस. साध्या साध्या प्रसंगांनाही जो कातर स्वर लाभतो तो या दुसऱ्या श्यामच्या आवाजामुळे लाभतो. हे एकदा लक्षात आले की ‘श्याम म्हणजेच साने गुरुजी’ असे सरसकट लिहिण्याची घाईही थांबते. लेखकाचे आयुष्य पुस्तकात आलेले असले, तरी निवेदक ही लेखकाने केलेली निवड असते, आणि निबंधाने त्या निवडीविषयी बोलले पाहिजे.

याच पुस्तकाच्या संदर्भात आणखी एक चूक आढळते. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटातील प्रसंग आणि गाणी पुस्तकातील म्हणून दिली जातात. ‘छडी लागे छम छम’ हे गाणे चित्रपटातले आहे. पुस्तकावरील निबंधात त्याचा दाखला आला की पुढच्या प्रत्येक वाक्याविषयी तपासणाऱ्याच्या मनात शंका येते. पुस्तक आणि चित्रपट यांची तुलना करायची असेल तर ती उघडपणे करावी, तो एक उत्तम विषय आहे.

चित्रपट पाहिला, पण ऐकला नाही

‘हा चित्रपट जातिव्यवस्थेवर भेदक भाष्य करतो’ हे वाक्य ‘सैराट’वरील (२०१६) जवळजवळ प्रत्येक निबंधात असते. वाक्य खोटे नाही, पण ते वर्तमानपत्रातील लेखाला किंवा भाषणालाही तितकेच लागू पडेल. चित्रपटाने ते भाष्य कोणत्या साधनांनी केले, हे सांगायचे राहून जाते. गाण्यांचा सारा जल्लोष नागराज मंजुळे यांनी पूर्वार्धात ठेवला आहे. हैदराबादला पोहोचल्यावर पडद्यावरचा उजेड, गती आणि संगीत सगळेच बदलते. आणि शेवटी रक्ताने माखलेल्या पावलांनी चालणारे मूल दिसते तेव्हा आवाजच उरत नाही. अजय-अतुल यांच्या दणदणीत संगीताची सवय झालेल्या कानांना ती शांतता असह्य होते. एवढ्या एका निरीक्षणावर चार पाने लिहिता येतील. त्यासाठी शेवटची दहा मिनिटे पुन्हा पाहावीत आणि एकदा डोळे मिटून केवळ ऐकावीत.

गाण्यावर लिहिताना कविता तेवढी उरते

संगीतावरील निबंधांत शब्दांचा अर्थ सविस्तर येतो आणि चालीविषयी ‘कर्णमधुर’ या पलीकडे काही येत नाही. राग ओळखता येत नाही म्हणून विद्यार्थी घाबरतात, हे मी समजू शकतो. परंतु स्वर कोठे चढतो, कोणता शब्द लांबवला आहे, ठेका कोठे थांबतो, मुखड्याकडे परत येताना गायक काय बदलतो, हे सांगण्यासाठी रागाचे नाव माहीत असण्याची गरज नसते.

त्याहून मोठी चूक म्हणजे आपण कोणते ध्वनिमुद्रण ऐकले ते न सांगणे. ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांची ती छप्पन्न गीते वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडी आहेत, आणि मूळ प्रसारणात ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. पुढे सुधीर फडके यांनी ती सर्व एकट्याने गायली. पहिल्या रूपात ते श्राव्य नाटक आहे, तर दुसऱ्या रूपात एका कीर्तनकारासारखा एकच माणूस सगळ्यांची दुःखे आपल्या गळ्यातून सांगतो. सीतेचे गीत फडक्यांच्या आवाजात ऐकून त्यावर लिहिताना हा फरक नोंदवला नाही, तर निबंधाचा पायाच डळमळतो.

नेत्याविषयी लिहिताना आरती नको आणि आरोपपत्रही नको

सर्वांत जास्त घसरण येथे होते, म्हणून यावर थोडे अधिक लिहितो. लोकमान्य टिळकांवरील निबंधात जन्म, शिक्षण, ‘केसरी’, मंडाले आणि मृत्यू हा क्रम ठरलेला असतो. तो चरित्राचा आराखडा झाला, विश्लेषण झाले नाही. त्यातही ऐकीव माहिती तपासलेली नसते. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या १८९७ च्या अग्रलेखामुळे टिळकांना त्या वर्षी शिक्षा झाली असे सर्रास लिहिले जाते. वास्तविक तो अग्रलेख जुलैमधला आहे, आणि राजद्रोहाचा आरोप १५ जूनच्या अंकातील शिवाजी उत्सवासंबंधीच्या मजकुरावर होता. त्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ चा सहा वर्षांच्या शिक्षेचा खटला वेगळा आणि त्यातील लेखही वेगळे. तारीख चुकली की कार्यकारणभावच चुकतो, म्हणून अशा चुकीकडे केवळ तपशिलाची चूक म्हणून पाहता येत नाही.

दुसरी अडचण गैरसोयीच्या गोष्टी वगळण्याची आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलींचे किमान वय वाढवणाऱ्या कायद्याला, टिळकांनी विरोध केला होता, तर आगरकर सुधारणेच्या बाजूने उभे होते. हा वाद गाळून टिळकांविषयी लिहिणे किंवा केवळ याच वादावरून त्यांना निकालात काढणे, दोन्ही सारखेच अपुरे आहे. परकीय सरकारने आपल्या सामाजिक-धार्मिक व्यवहारात कायदा करावा का, हा टिळकांचा युक्तिवाद आधी त्यांच्या बाजूने नीट मांडावा; मग त्याची किंमत लहान मुलींना मोजावी लागणार होती, हे आगरकरांच्या बाजूने मांडावे; आणि त्यानंतरच आपले मत द्यावे.

नमुना म्हणून मी विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘रानडे, गांधी आणि जिना’ हे भाषण वाचायला सांगतो. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात, न्या. रानडे यांच्या जयंतीनिमित्त ते झाले. जयंतीचे व्यासपीठ असूनही आंबेडकर थोर माणूस कोणाला म्हणावे हा प्रश्न आधी विचारतात, प्रामाणिकपणा आणि बुद्धिमत्ता एवढ्यावर समाधान न मानता सामाजिक हेतूची कसोटी ठरवतात, आणि मग त्या कसोटीवर माणसे घासून पाहतात. कसोटी आधी आणि निकाल नंतर, हा क्रम विद्यार्थ्यांच्या निबंधात नेमका उलटा असतो.

लिहून झाल्यावर निबंध अडखळतो असे वाटले तर

दोन रंगांच्या पेन्सिली घ्याव्यात. जी वाक्ये केवळ काय घडले ते सांगतात त्यांच्याखाली एका रंगाची रेघ ओढावी आणि जी वाक्ये ते कसे किंवा का घडवले आहे हे सांगतात त्यांच्याखाली दुसऱ्या रंगाची. ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’, ‘थोर’ एवढ्यावरच उभ्या असलेल्या वाक्यांना कोणताच रंग देऊ नये. अवतरण दिले असेल आणि त्याच्या पुढच्या वाक्यात त्यातील एकाही शब्दाचा विचार नसेल, तर तेही पहिल्या रंगात धरावे. दुसरा रंग निम्म्याहून कमी निघाला तरी सगळा निबंध फाडून टाकू नये. तो जिथे सर्वांत दाट दिसतो तो परिच्छेद शोधावा, त्या एकाच जागेसाठी पुस्तक पुन्हा उघडावे किंवा गाणे पुन्हा ऐकावे, त्यावर आणखी एक पान लिहावे आणि ‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे’ अशा आरंभाच्या जागी ते पान ठेवावे.