पॉवर वीडरमध्ये ऑइल-पेट्रोल भरताना या चुका टाळा

पॉवर वीडर म्हणजे पिकाच्या ओळींतलं तण काढणारं छोटं यंत्र. पाच-सात हॉर्सपॉवरच्या पेट्रोल वीडरच्या इंजिनात ऑइल जेमतेम ६०० मिलि असतं, पाण्याच्या लहान बाटलीएवढं. पिस्टन, क्रँक, बेअरिंग या सगळ्यांचा जीव त्यावर. यातल्या बहुतेक इंजिनांत मोटारीसारखा ऑइल पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला असलेली छोटी पळी तळाचं ऑइल उडवते आणि ते आत सगळीकडे पोचतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या निम्म्या चुका आपोआप कळतात.

पहिली चूक नवं मशीन घरी येतं त्याच दिवशी होते. बरीच मशीन कारखान्यातून ऑइलशिवाय निघतात. डीलरने भरलं असेल असं धरून इंजिन सुरू करायची दोरी ओढू नका. आधी ऑइलची पातळी दाखवणारी काडी (डिपस्टिक) काढून बघा. कोरडं इंजिन काही मिनिटांत जाम होतं आणि मग पिस्टन-रॉडचा खर्च अंगावर येतो.

काडी बघण्याचीही रीत आहे. मशीन सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडा वेळ गेलेला. वीडर चाकांवर कललेला असेल तर खाली लाकडाची फळी देऊन इंजिन आडव्या पातळीत आणा. काडी पुसायची, परत घालायची आणि मग वाचायची. पुष्कळ इंजिनांत वाचताना ती आट्यांत फिरवायची नसते, नुसती टेकवायची असते. फिरवून घट्ट केली तर ती जास्त खोल जाते, टोकाला ऑइल लागतं आणि प्रत्यक्षात कमी असलेलं ऑइल पुरेसं वाटतं. तुमच्या मशीनची पद्धत पुस्तिकेत चित्रासह दिलेली असते. ते पान एकदा तरी बघाच.

चढावर इंजिन बंद पडतंय?

कोकणात किंवा घाटमाथ्यावर उताराच्या जमिनीत ही तक्रार हमखास येते. सपाटीवर मशीन छान चालतं, उतारावर मध्येच थांबतं आणि दोरी ओढून हात दुखले तरी सुरू होत नाही. लोक प्लग बदलतात, कार्बोरेटर खोलतात. आधी ऑइल बघा. काही इंजिनांत ऑइल कमी झालं की ठिणगी बंद करणारा सेन्सर असतो. मशीन कललं की आधीच कमी असलेलं ऑइल एका बाजूला जातं आणि सेन्सर आपलं काम करतो. अशा वेळी सेन्सरची वायरच काढून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. ज्या उतारावर सेन्सर इंजिन थांबवतो, तिथे ती पळीही ऑइलपर्यंत नीट पोचत नसते. ऑइल खुणेपर्यंत भरा, आणि तरीही थांबत असेल तर तो उतार त्या मशीनसाठी जास्त आहे.

उलट, ऑइल जास्त झालं तरी त्रासच. ते ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी वाट) एअर फिल्टरमध्ये शिरतं, सायलेन्सरमधून निळसर-पांढरा धूर निघतो, प्लग ओला होतो. आणि आपण न भरताच पातळी वर गेली असेल, काडीला पेट्रोलचा वास येत असेल, तर इंजिन मुळीच सुरू करू नका. कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई गळतेय आणि पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतंय. सुई दुरुस्त करून ऑइल पूर्ण बदलावं लागतं. म्हणूनच काम संपल्यावर आणि टेम्पोत चढवण्याआधी पेट्रोलचा कॉक (टाकीतून येणारं पेट्रोल थांबवणारी तोटी) बंद करायचा.

गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, त्याचं झाकणही वेगळं. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल साधारण २० तासांनी बदलायचं, कारण सुरुवातीची धातूची बारीक कीस त्यातच असते.

पेट्रोल भरताना

इथे चूक झाली तर मशीन नव्हे, माणूस भाजतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरची ठिणगीही तिला पुरते. सरी अर्धी राहिली म्हणून तापल्या इंजिनावर कॅन उपडा करण्याचा मोह फार होतो. त्या वेळी टाकीपासून हातभर अंतरावर सायलेन्सर रसरसलेला असतो. इंजिन बंद करा, पाणी प्या, सायलेन्सरजवळ हात नेऊन ऊब गेली का बघा, मग भरा. गोठ्यात, चुलीजवळ, विडी ओढणाऱ्यासमोर भरू नका. टाकी काठोकाठ नको, कारण उन्हात पेट्रोल फुगतं. सांडलंच तर पुसा, मशीन तिथून चार पावलं बाजूला घ्या आणि वास गेल्यावरच दोरी ओढा. कपड्यांवर सांडलं तर कपडे बदला. कॅन टेम्पोच्या हौद्यात ठेवून भरण्यापेक्षा जमिनीवर ठेवून भरा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो.

टाकीतलं पेट्रोल काढायला नळी तोंडाने ओढणं तर कायमचं बंद करा. घोट फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं. कुणी गिळलंच तर उलटी करवू नका, थेट दवाखान्यात न्या.

घरात ग्रास कटरही असेल तर दोन कॅन वेगळ्या रंगांचे ठेवा. टू-स्ट्रोक कटरच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. १:५० प्रमाण असेल तर लिटरला २० मिलि. हे मिश्रण चुकून वीडरमध्ये गेलं तर धूर होईल, प्लग काळा पडेल. पण साधं पेट्रोल कटरमध्ये गेलं तर त्याचा पिस्टन जातो.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा ओढतं. पावसाळ्यात महिनोन्‌महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलमधून पाणी तळाला बसतं. मग इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं, किंवा चोक (हवा कमी करणारा खटका) दिल्याशिवाय चालतच नाही. मशीन उभं करून ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा, कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत ते मोकळ्या हवेत चालू ठेवा. जुन्या मशीनची रबरी पाइप वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या तर त्याच दिवशी बदला.