बीओईची परीक्षा देताय? या चुका टाळा

साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये पाच-सहा हंगाम काढलेला माणूस बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरच्या (बीओई) परीक्षेत अडकतो, तेव्हा त्याला बॉयलर येत नाही असं सहसा नसतं. त्याने वेळ चुकीची धरलेली असते, नाहीतर कंट्रोल पॅनेलसमोर बसायची सवय तशीच पेपरात नेलेली असते.

आधी वेळेचं. ‘हंगाम संपला की अभ्यासाला बसतो’ हे वाक्य धाराशिवपासून नांदेडपर्यंत प्रत्येक कारखान्यात ऐकायला मिळतं. पण हंगाम कधी संपेल हे कोण सांगणार? २०२१-२२ ला ऊस इतका झाला की मराठवाड्यात गाळप जूनपर्यंत चाललं. दुष्काळाच्या साली तेच फेब्रुवारीत आटोपतं, आणि लगेच ओव्हरहॉलिंगचं काम अंगावर येतं. शिफ्ट बदलली तरी रोजचा एक तास ठरलेला ठेवा. मोठा अभ्यास ऑफ सीझनवर ढकलू नका.

अनुभवाचं पत्र शेवटच्या आठवड्यात मागणं ही दुसरी चूक. ऑफिसातला क्लार्क ‘सदर इसम आमच्याकडे कामास असून वर्तणूक चांगली आहे’ एवढंच लिहून शिक्का मारतो. त्याचा उपयोग शून्य. पत्रात बॉयलरचा रजिस्ट्री नंबर, चौरस मीटरमध्ये हीटिंग सरफेस (उष्णता घेणारा पृष्ठभाग), वर्किंग प्रेशर, तुमचं पद आणि तारखा हव्यात. ‘आजतागायत’ असं न लिहिता दिनांक टाकून घ्या. चीफ इंजिनिअर सही करायला नेमके त्याच दिवशी रजेवर असतात, म्हणून महिनाभर आधीच मागे लागा.

पेपरात सगळ्यात जास्त मार्क जातात ते गेज प्रेशरपायी. पॅनेलवर दिसतो तो गेज प्रेशर, म्हणजे हवेच्या दाबाच्या वरचा दाब; वाफेचं तापमान वगैरे देणारं स्टीम टेबल मात्र ॲब्सोल्यूटवर, म्हणजे हवेचा साधारण एक किलो दाब धरून चालतं. ६७ किंवा ११० किलोच्या (प्रति चौरस सेंटिमीटर) को-जन, म्हणजे वीजही बनवणाऱ्या, बॉयलरवर काम करणाऱ्याला एका किलोचा फरक जाणवतच नाही, म्हणून सवयही लागत नाही. एक्झॉस्टच्या, म्हणजे टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या कमी दाबाच्या वाफेच्या, गणितात तो अंगाशी येतो. दीड किलो गेजच्या एक्झॉस्ट स्टीमचं संतृप्त तापमान (त्या दाबाला पाणी उकळतं ते) सुमारे १२७ अंश सेल्सिअस. तोच दीड ॲब्सोल्यूट धरून टेबल उघडलं तर १११ येतं. तिथून पुढची सगळी बेरीज-वजाबाकी बरोबर करूनही उत्तर चूकच. पहिल्याच ओळीत ‘गेज + १.०३३’ लिहायचं, मग पुढं जायचं.

बॉयलर कायद्याच्या अभ्यासासाठी सिनिअरच्या नोट्सची झेरॉक्स वापरताना तारीख बघा. जुन्या प्रतींत कायद्याने बॉयलर धरायची क्षमतेची मर्यादा २२.७५ लिटर लिहिलेली असते, ती २००७ च्या दुरुस्तीने २५ लिटर झाली. आणि १९२३ चा कायदाच जाऊन आता २०२५ चा आलाय, त्यामुळे जुने कलम क्रमांक पाठ करून जाण्यात अर्थ नाही.

तोंडी परीक्षेचं वेगळंच. ‘गेज ग्लासमध्ये पाणी दिसत नाही, काय कराल?’ (गेज ग्लास म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणारी काच) हा ठरलेला प्रश्न, आणि ‘फीड पंप चालू करीन साहेब’ हे ठरलेलं चुकीचं उत्तर. आधी कॉक उघडून ग्लास ब्लो करायचा, म्हणजे वाफेने साफ करायचा, वाचन खरं आहे का बघायचं. तरीही पाणी नसेल तर बगॅसचे (उसाच्या चिपाडाचे) फीडर आणि भट्टीला हवा देणारा एफडी फॅन बंद. तापून लाल झालेल्या ट्यूबवर पाणी सोडलं तर एकदम वाफ होऊन बॉयलरच जाईल. हुशार पोरं म्हणतात, ‘ड्रम लेव्हल लो-लो झाली की आपोआप ट्रिप होतो.’ म्हणजे ड्रममधलं पाणी फारच खाली गेलं की बॉयलर स्वतःच बंद पडतो. मग साहेब शांतपणे विचारतात, ‘आणि नाही झाला तर?’ इथं गाडी थांबते. आपोआप बंद करणारा इंटरलॉक काढून टाकलाय असं समजून प्रत्येक उत्तर तयार करा.

कारखान्यातल्या माणसाला फायर ट्यूब बॉयलर (नळ्यांतून गरम वायू आणि बाहेर पाणी असलेला) माहीतच नसतो. कॉक्रन, लँकेशायर हे त्याचे प्रकार किंवा फ्युजिबल प्लग (पाणी कमी झालं की वितळणारं सुरक्षेचं बूच) याबद्दल विचारलं की ‘आमच्याकडे नाही’ म्हणतात. प्रश्न तुमच्या कारखान्याचा नसतो. गावाजवळ दूध डेअरी किंवा तेलगिरणी असेल तर ओळख काढून तिथला छोटा बॉयलर बघून या. शक्यतो सफाईसाठी बंद असेल त्या दिवशी जा, म्हणजे मॅनहोलमधून आतही बघता येतं.