95 वं स्तोत्र शेवटपर्यंत म्हणा

चर्चच्या गायनमंडळात मी बरीच वर्षं बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 95 वं स्तोत्र गात आले आणि दर वेळी सातव्या वचनाच्या मध्यावर थांबत आले. आमची चाल तिथंच संपायची. एकदा उपासना सुटल्यावर एका वयस्कर मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, पुढची चार वचनं कुणी म्हणायची?"

त्या प्रश्नानं माझी स्तोत्रं म्हणायची रीतच बदलली. ती रीत इथं सांगते. 95 व्या स्तोत्रापासून सुरुवात करा. वचनं अकराच आहेत, पण स्तुती, नमन आणि आज्ञापालन ही तिन्ही त्यात एकापाठोपाठ येतात.

पहिली पाच वचनं मोठ्यानं म्हणा. मनातल्या मनात वाचू नका. तिथं जयघोष करायला सांगितलंय आणि त्याला आवाज लागतो. सूर नसला तरी चालेल. मात्र स्तुतीची कारणं घाईनं ओलांडू नका. पृथ्वीची खोल स्थळं, पर्वतांची शिखरं, समुद्र, कोरडी जमीन, एकेका शब्दावर थांबा आणि ते डोळ्यांपुढं आणा. नुसतं "प्रभू थोर आहे" असं शंभरदा म्हटलं तरी मन जागचं हलत नाही. समुद्र डोळ्यांपुढं आला की हलतं.

एक गोष्ट पेन्सिलनं खूण करून पाहा. या स्तोत्रात देवाचा हात तीनदा येतो. चौथ्या वचनात पृथ्वीची खोल स्थळं त्याच्या हातात आहेत. पाचव्यात कोरडी जमीन त्याच्या हातांनी घडवली आहे. सातव्यात आपण त्याच्या हातची मेंढरं आहोत. डोंगर आणि दऱ्या पेलणारा हातच मेंढराच्या पाठीवर आहे. मला हे दिसलं त्या दिवशी मी पुढं वाचूच शकले नाही.

सहाव्या वचनाशी आलात की खरोखर वाका. तिथं नमन करणं, लवणं आणि गुडघे टेकणं अशी तीन क्रियापदं लागोपाठ आहेत. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसूनच मान खाली घाला. मग दोन-तीन मिनिटं काहीही बोलू नका. गाण्याची सवय असलेल्या माणसाला ही शांतता जड जाते, पण तीच सोडून चालत नाही, कारण लगेच पुढं ऐकायचं आहे.

सातव्या वचनाच्या शेवटी "आज" हा शब्द येतो आणि इथून आवाज बदलतो. इतका वेळ आपण देवाविषयी बोलत होतो. आता देव स्वतः बोलू लागतो. मरीबा आणि मस्सा इथल्यासारखी मनं कठीण करू नका, असं तो म्हणतो. हे वाचताना बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 17 वा अध्याय उघडून ठेवा; ही दोन्ही नावं तिथल्याच प्रसंगातली आहेत. मिसर देशातून सुटून रानातून चाललेल्या इस्राएल लोकांना रफीदीमला पाणी मिळेना, तेव्हा ते आपला पुढारी मोशे याच्याशी भांडले आणि परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही, असं विचारू लागले. सुटकेच्या वेळी समुद्र दुभंगलेला पाहिलेलीच ती माणसं. पाणी निघालं ते खडकातून, आणि आपलं स्तोत्र सुरू होतं तेही "तारणाचा खडक" म्हणून.

इथं स्वतःला एकच प्रश्न विचारा: आज माझं मन कशाबाबत कठीण आहे? उत्तर एका ओळीत लिहा. "मी अधिक नम्र होईन" असलं मोघम लिहू नका. माणसाचं नाव आणि करायचं काम लिहा, दिवस मावळायच्या आत होईल एवढंच. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा गायनमंडळातल्या एका मुलीचं नाव आलं. सरावात सगळ्यांसमोर मी तिला "तुला सूर कळत नाही" म्हणाले होते आणि त्यानंतर ती येईनाशी झाली होती. दुपारी तिला फोन केला. क्षमा मागितली तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "ताई, मी घरी गाते." अजून ती परत आलेली नाही. मी वाट पाहते आहे.

स्तुती तोंडातून निघतच नसेल अशा दिवशी 95 वं बाजूला ठेवा आणि 13 वं घ्या. सहाच वचनं, आणि सुरुवातीलाच चार वेळा "किती काळ?" असा टाहो. 88 वं तर अंधारातच संपतं. तेही उपासनेचंच स्तोत्र आहे. त्याला ओढूनताणून हालेलुया जोडू नका.

महिनाभरात हे अंगवळणी पडलं की 119 वं घ्या. 176 वचनं पाहून दचकू नका. हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांप्रमाणे त्याचे 22 भाग आहेत आणि प्रत्येक भागात आठ वचनं. रोज एकच भाग म्हणा आणि त्यातली एकच आज्ञा त्या दिवशी पाळायला घ्या. बाविसाव्या दिवशी शेवटच्या वचनाशी पोचाल. देवाच्या नियमांची एवढी थोरवी गाणारा माणूस तिथं म्हणतो, मी हरवलेल्या मेंढराप्रमाणे भरकटलो आहे, आपल्या सेवकाला शोध. ते म्हणून झालं की 95 व्याचं सातवं वचन पुन्हा उघडा आणि हे मेंढरू कुणाच्या हातचं आहे ते मोठ्यानं वाचा.